अर्धा डाव माझा, अर्धा डायवरचा

डायवर, तुम्ही गेलात म्हणून तुमच्या शेजाऱ्याचा फोन आला तेव्हा मी चहा पीत होतो. कप खाली ठेवला नाय. पुरा प्यालो, कप विसळला, पालथा घातला. मग घरात सांगितलं. रेश्मा माझी सून असली तरी मुलगी तुमची. ती भिंतीला धरून खाली बसली. आणि मी तिच्या बाजूला उभा राहून काय विचार करत होतो, तर रोह्याची एसटी आता किती वाजता असेल.

आज अकरावा दिवस. अजून तसंच आहे. जेवतो, झोपतो, शेतावर चक्कर मारून येतो. पायाला मुंग्या आल्यावर तो पाय आपला वाटत नाय, तसं सगळं अंग झालंय. लोक म्हणतात म्हातारा खंबीर आहे. म्हणू देत. मला माझं ठाऊक आहे.

लिहायची सवय नाय मला. चौथीतनं जो मिठागरावर गेलो तो मिठागरं बंद पडली तेव्हाच परत आलो. पण हे तोंडानं बोलायला गेलो तर दोन वाक्यांत गुंडाळीन आणि उठून जाईन. तुम्ही मला ओळखता. म्हणून लिहितोय.

लग्नात आपण दोघं काय बोललो असू? हार घातले, गळाभेट घेतली, झालं. मग रेश्मा पहिल्या बाळंतपणाला रोह्याला आली आणि मी नातीला बघायला आलो. बाळ झोपलेलं. तुम्ही एका खुर्चीत, मी समोरच्या खुर्चीत.

"तिकडं शेती कशी काय?"

"हाय."

"आणि मीठ?"

"नाय आता."

संपलं. पंखा फिरतोय आणि दोघं व्याही पंख्याकडं बघतायत. रेश्मा आतनं आली आणि म्हणाली, "बाबा, मामा, तुम्ही दोघं असे बसलात जसे तंटामुक्तीला आलात. उठा." तिनं जुन्या साडीचा तुकडा बाजूला केला. खाली तिचा कंप्युटर. क्लासला जायची तेव्हा तुम्ही घेऊन दिलेला. त्यात तिनं तो खेळ लावला आणि आपल्याला समोर बसवलं. "हे फार जुनं जग हाय. ह्या लोकांना अजून लोखंडसुद्धा सापडलेलं नाय. तीन माणसं आहेत आणि एक घर. ह्यांचं राज्य उभं करा. पलीकडं दुसरं राज्य हाय, ते तुमच्यावर येणार. त्याच्या आत तयार व्हा. आणि बाळाला उठवू नका."

मी म्हटलं, "तीन माणसांत काय होतंय?"

तुम्ही म्हणालात, "एसटीत पण डायवर, कंडक्टर दोनच असतात. बाकीचे चढत जातात."

तुम्ही जन्मभर एसटी चालवलेली, तिथनं मी तुम्हाला डायवर म्हणायला लागलो. तुम्ही मला नाव ठेवलंत त्या पहिल्याच डावात. आपली माणसं झाडाची फळं तोडत होती, हरणं मारत होती आणि मला चैन पडेना. नकाशात खाली निळं पाणी होतं. मी माणसांना दगड काढायला लावलं आणि पाण्याच्या कडेनं भिंत बांधायला घेतली. सगळा दगड तिथं, सगळी माणसं तिथं. तुम्ही बघत राहिलात. मग म्हणालात, "व्याही, दुश्मन डोंगराकडनं येणार हाय."

"येऊ दे. आधी खाडी."

"खाडीचं काय?"

"भरती आली की शेत जाईल."

तुम्ही एवढे हसलात की बाळ उठलं. रेश्मा ओरडली. तुम्ही डोळे पुसत म्हणालात, "अहो खारेपाट, ह्या दर्याला भरतीच नाय! कंप्युटरमधला हाय तो!" मी तरी भिंत पुरी केली. आम्ही खारेपाटातले, खाडीच्या काठचे; पाणी असेल तिथं बांध पाहिजे, मग ते कुठलं का असेना. डोंगराकडनं कुऱ्हाडीवाले आले आणि सगळं जाळून गेले. भिंत तेवढी राहिली.

दुसरा डाव तुमचा. तुम्ही तर माझ्याहून भारी. पहिली फळं हाताला लागली तशी तुम्ही तालीम बांधलीत आणि सैनिक काढायला बसलात. पाच सैनिक झाले आणि धान्य संपलं. राज्यात शेतकरी तीन, शिपाई पाच, सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे.

असे किती डाव हरलो आपण. मग तुम्हीच बोललात की आधी खारेपाट खेळेल, राज्य वाढवेल, दुश्मन यायच्या वक्ताला डायवर सीटवर बसेल. माऊस म्हणजे आपला गिअर, एका वेळी एकाच्याच हातात. मला ते पटलं. त्या दिवसापासून अर्धा डाव माझा, अर्धा तुमचा.

आता सांगायला हरकत नाय, मला त्या अर्ध्या डावाचा फार गर्व होता. खेळातली इंग्रजी अक्षरं आपल्या दोघांनाही वाचता येत नव्हती, म्हणून आपण नावं ठेवली. मधलं मोठं घर ती चावडी. सैनिकांचं घर ती तालीम. तो पांढऱ्या झग्यातला माणूस हात वर करून मंत्र म्हणतो आणि दुश्मनाचा शिपाई आपल्या रंगाचा होतो, तो भगत. चावडी एक क्षण रिकामी ठेवायची नाय, धान्य आलं की माणूस काढायचा, माणूस काढायच्या आधी त्याचं घर बांधायचं. पहिल्यांदा फळं, मग हरणं, शेत सगळ्यात शेवटी, कारण शेताला लाकूड लागतं आणि लाकडाला माणसं. आणि कोठार नेहमी जंगलाला चिकटून. हे मला कुणी शिकवलं नाय. मिठागरावर ढीग लांब घातला की टोपलीवाल्याचा अर्धा दिवस चालण्यात जातो. खेळातलं माणूस पण माणूसच. त्याचेही पाय दुखत असतील.

हे मी म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "झालं! खारेपाट आता त्यांना चहा पण पाजणार."

पण लढाईला बसलात की मी गप. तुम्ही गर्दीत घुसायचा नाय. आधी टेकडी बघायचात. भालेवाले पायथ्याला, तिरंदाज वर, घोडे बाजूच्या झाडीत लपवलेले. मग दोन-तीन शिपाई पुढं पाठवून, दुश्मनाला डिवचून, पळत माघारी आणायचात. दुश्मन मागं सुटायचा. मला वाटायचं हरलो. तुम्ही म्हणायचात, "बघत ऱ्हावा. घाटात बघितलंय नं? हलकी गाडी पुढं निघून जाते, ट्रक मागं ऱ्हातो. तशी ह्यांची रांग आता तुटणार." आणि तुटायची. घोडे पुढं, पायदळ मधे, हत्ती पार मागं धापा टाकत. तुम्ही एकेक टप्पा घेऊन संपवायचात. आणि पळणाऱ्याच्या मागं कधी गेला नाय. "पळतोय त्याला पळू द्यावा. वळणापलीकडं काय हाय ते आपल्याला दिसत नाय."

दर रविवारी मी पेणवरनं यायचो. माझा मुलगा डोलवीला कंपनीत शिफ्ट करतो, तो म्हणायचा, "दादा, रोह्याला दर आठवड्याला काय काम असतं?" मी सांगायचो, व्याह्यांची तब्येत बघायला जातो. तुम्ही धडधाकट होतात.

एक गोष्ट राहिली होती तुम्हाला सांगायची. मोठ्या भरतीला आमच्या बांधाला खांड पडली, ते आठवतंय का? खारं पाणी आत शिरायला लागलं. आमच्याकडं अशा वेळी जोळ निघते, घरटी एक माणूस बांधावर, भांडण असो, सुतक असो. आमच्या घरनं मी एकटाच, मुलगा शिफ्टला. चिखलात कंबरभर उभा राहून ढेकळं पुढं देत होतो आणि मागनं ढेकूळ हातात आलं ते देणारा माणूस इकडचा वाटेना. बघतो तर तुम्ही. विजार गुडघ्यापर्यंत, घड्याळ तसंच हातात. रेश्मानं फोन केला होता म्हणे. गावातल्यांनी विचारलं, "हे कोण पाव्हणं?" मी म्हटलं, "डायवर हाय." एवढंच म्हटलं. माझे व्याही आहेत, म्हणून सांगायला पाहिजे होतं. बरं वाटलं, हे पण सांगायला पाहिजे होतं. परत जाताना तुमचं घड्याळ बंद पडलेलं होतं आणि मी तुम्हाला म्हणालो, "घड्याळ घालून कोण चिखलात उतरतं?"

आपली भांडणं म्हटली तर एकच. माऊस कधी सोडायचा. तुम्ही म्हणणार, आता द्या, दुश्मन निघाला असेल. मी म्हणणार, अजून दहा माणसं होऊ देत. "खारेपाट, तुमच्या शेतात एवढी गर्दी झाली की यात्रा भरेल." "भरू दे. पोट भरल्याशिवाय लढाई नाय." तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून माऊस ओढायचात. विहीणबाई आतनं म्हणायच्या, "तो माऊस फुटेल तेव्हा दोघांना समजेल." कोण बरोबर होतं, हे कधी ठरलं नाय.

ते कोलाडचं तुम्ही मला एकदाच सांगितलंत. कंप्युटर चालू व्हायला वेळ घेत होता, पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं, त्या वेळी. तुम्ही पडद्याकडं बघत बोललात. कोलाडच्या पुढं वळणावर एक माणूस सायकलवर गवताचा भारा घेऊन मधे आला. ब्रेक लागला पण गाडी थांबेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. चौकशी झाली, तुमची चूक नाय म्हणाले, परत गाडी हातात दिली. तुम्ही त्याच्या घरी गेलात, त्यांनी हाकललं, तरी तुम्ही अंगणात संध्याकाळपर्यंत बसून राहिलात. "मग?" मी विचारलं. "मग काय, दुसऱ्या दिवशी ड्युटी." आणि खेळ चालू झाला. मी माझी माणसं फळांवर पाठवली. काय बोलायचं असतं तेव्हा, मला अजून ठाऊक नाय.

आता त्या रविवारचं.

डाव चांगला चालला होता. इतकी माणसं मी कधी उभी केली नव्हती. दोन्ही अंगाला शेतं, मधे कोठार, लाकूडतोडे वेगळे, सोन्यावर वेगळे. मी अजून तयार नव्हतो आणि हत्ती आले. तुम्ही माऊस ओढून घेतलात. आपले सैनिक कमी होते. तुम्ही काय केलंत, तर शेतातली माणसं उठवलीत, सगळी, आणि हत्तींच्या समोरनं ओढ्याकडं पळवलीत. हत्ती त्यांच्या मागं लागले. एकेक माणूस पडत गेला. कुणाच्या हातात अजून कणसं होती. हत्ती ओढ्यात उतरले आणि तुमच्या टेकडीवरच्या तिरंदाजांनी एकसुद्धा सोडला नाय.

"बघितलंत?" तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "एक हत्ती राहिला नाय!"

"आणि माझी माणसं?"

"ती काय, परत काढू. चावडी उभी हाय."

"तीनापासनं वाढवलेली माणसं ती. पुढं घातलीत तुम्ही."

"अहो खारेपाट, खेळ हाय."

मला तिथं थांबता आलं असतं. मी म्हणालो, "तुम्हाला माणूस मेल्याचं कधी काय वाटलंय? कोलाडला एकाला मारलात, दुसऱ्या दिवशी परत गाडीवर."

तुम्ही वर बघितलं नाय. माऊस खाली ठेवलात. त्याची वायर सरळ केलीत. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणालात, "व्याही, तुमची साडेचारची गाडी हाय. चुकेल."

व्याही. इतक्या वर्षांनी परत व्याही.

मी चपला घातल्या आणि आलो.

तुमचा फोन दोनदा आला. एकदा मी शेतावर होतो, एकदा घरी. रेश्मानं तुमच्या नंबरला तुमचा फोटो लावून दिलाय, तो फोटो वाजत होता आणि मी बघत होतो. रेश्मा म्हणाली, "मामा, बाबांचा फोन." मी म्हटलं, "वाजू दे. मला राग आलाय." घरात सगळे हसले. खेळावरनं रुसले म्हणाले. राग नव्हता, डायवर. तोंड नव्हतं. पण राग म्हटलं की मान राहतो, म्हणून राग म्हटलं. पुढच्या रविवारी गेलो नाय. त्याच्या पुढचा रविवार आला नाय.

काल दहावं झालं. नदीवरनं तुमच्या घरी आलो, सगळे ओटीवर बसले. रेश्मा सगळ्यांसमोर म्हणाली, "आईचं आणि माझं ठरलंय. बाबांचा कंप्युटर मामांनी पेणला न्यायचा. ह्या दोघांसारखी मैत्री कुठल्या व्याह्यांत बघितली नाय." तुमच्या डेपोतला एक जण डोळे पुसायला लागला. सगळे माझ्याकडं बघतायत, चांगल्या नजरेनं. तो डाव त्यात तसाच आहे म्हणे, त्या दिवसाचा. मला उठता येईना, बसवेना.

मी आत गेलो. विहीणबाई परातीत वाल निवडत बसल्या होत्या, तेराव्याच्या जेवणाचे.

"विहीणबाई, मला तो कंप्युटर नको."

"का? जागा नाय?"

"जागा हाय. मी शेवटी त्यांना बोललो होतो."

"माहित्येय. खेळावरनं. दोघांतल्या एकाला तरी अक्कल पाहिजे होती."

"खेळावरनं नाय." आणि मी सांगितलं. जसं बोललो होतो तसंच, एक शब्द कमी केला नाय.

त्यांचा हात थांबला नाय. खडा काढला, बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मला सांगितलंय त्यांनी. तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बाकीचे सगळे आजपर्यंत माझी समजूत काढत आले. हा एकटा खरं बोलला."

मी उंबऱ्यावर बसलो.

"रागावले नाय?"

"रागावले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस त्या खुर्चीत बसून होते. मग तुम्हाला फोन लावला. म्हटलं, कशाला लावताय? तर म्हणाले, त्याला सांगतो राग नाय म्हणून. नायतर तो मनात धरून बसेल."

मग त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवला. मी तोही पुरा प्यालो. अजून मला रडू आलेलं नाय, डायवर. येईल तेव्हा येईल. पण एक गोष्ट मला सहन होत नाय आणि ती म्हणजे तुम्ही ते खरं धरून गेलात.

ते खरं नव्हतं.

आपण माणगावला लग्नाला गेलो होतो, तुम्ही आणि मी, एसटीनं. तुम्ही खिडकीत. कोलाड मागं पडलं, वळण यायला लागलं तसं तुम्ही बोलता बोलता थांबलात. देवळात शिरताना काढतात तशा पायातल्या चपला काढल्यात आणि पाय सीटवर वर घेतलेत. वळण गेलं. तुम्ही पाय खाली सोडलेत, चपला घातल्यात आणि जेवणात काय असेल ते परत बोलायला लागलात. कंडक्टरचं लक्ष नव्हतं, बाकी कुणाचंच नव्हतं. मी बघितलं. विचारलं नाय, आणि तुम्हालाही कळू दिलं नाय की मी बघितलं. असल्या माणसाला माणूस मेल्याचं काय वाटत नाय, असं मी म्हणालो. मला ठाऊक असताना म्हणालो. तुम्ही मला खरं बोलणारा समजलात, तिथंच तुम्ही फसलात. चिडलो की मी हाताला लागेल ते फेकतो. त्या दिवशी ते लागलं, ते फेकलं. तुम्हाला लागेल असंच फेकलं.

आणि हेही सांगतो, हत्तींपुढं माणसं घातलीत ते चूकच होतं. ते मी मागं घेत नाय. कोलाडचं मागं घेतो.

परवा तेरावं. तुमची डेपोतली माणसं येतील, आमच्या गावची येतील, रेश्मा असेल, तुमची नात असेल. तिथं उठून मी हे सगळं वाचणार आहे, मी काय बोललो तेही. कंप्युटर मला द्यायचा की नाय ते मग ऐकून ठरवा म्हणावं. मी आजवर माणसांसमोर चुकलो म्हटलेलं नाय, घरी कुणालाही विचारा, बापासमोर म्हटलं नाय आणि मुलासमोरही नाय. त्यामुळं आवाज कसा निघेल ते सांगता येत नाय. तुम्ही असता तर बाजूनं सदरा ओढला असतात, म्हणाला असतात, बसा हो खाली, लोक बघतायत. जेवणं खोळंबलीत. झालं ते झालं.

खुशाल ओढा सदरा. पुरं वाचल्याशिवाय मी बसणार नाय.